पुनवेला मोजलं नाही कुणी

१६ एप्रिल, गुरुवार

वहीबाई, परवा तुला काय सांगितलं होतं, सांग बघू. नाही ना आठवत? दक्षताने लिहिलंच नाही, तर तुझ्या डोक्यात कुठून राहणार! नात एका डोळ्याने मोबाईल बघत लिहिते आणि विसरभोळी तू ठरतेस. (हे पण लिही गो. गाळू नकोस.)

तर पुन्हा सांगते. मी मंजुळा, वय अडुसष्ट. जन्म खाडीकाठी गेला, मासे विकण्यात. अक्षर एक येत नाही, पण सायकल येते — गेल्या दिवाळीत शिकले. दक्षताची जुनी, गुलाबी. खाडीकडच्या नव्या बागेत सायकलींसाठी वेगळा रस्ता केलाय, तिथे रोज सकाळी दोन फेऱ्या.

काल पडले. लेक म्हणाला, "आई, गुडघा बघ जरा! विकून टाकतो ती सायकल." जयेश कोर्टात कारकून आहे. घरी येऊनसुद्धा निकालच देतो.

१८ एप्रिल, शनिवार

काल अवस होती. आज बागेत बघते तर किती नवीन! बाकड्यांच्या पायांना वीतभर ओला चिखल. ब्लॉकांच्या फटीतून तिवराच्या झाडाचं पिल्लू वर आलंय. रस्त्याकडेला चिंबोऱ्यांची बिळं — परवा तीन होती, आज अकरा. हास्यक्लबवाले तिथेच हात वर करून हसत होते. एक चिंबोरी बाहेर येऊन त्यांच्या बुटांकडे बघत होती. एकाला दिसेल तर शपथ!

विकी, ठेकेदाराचा माणूस, बोर्ड लावत होता.

"काय लिहिलंय रे?"

"आजी, एक मेला उद्घाटन. म्हाताऱ्यांची सायकल फेरी पण आहे. बारा वाजता, साहेब आले की."

मी बोटांवर मोजलं. एक मे म्हणजे पुनव. पुनवेला दुपारी बारा-एकला भरती, ती पण उधाणाची. म्हटलं, "अरे, रस्ता पाण्यात जाईल."

"टेन्शन नका घेऊ. इंजिनियरने सगळं मोजलंय."

"त्याने जमीन मोजली. पुनव कुणी मोजली?"

विकी हसला. क्लबवालेही हसले. पण ते काय, कशालाही हसतात.

१९ एप्रिल

रात्री जेवताना पैज लागली. एक मेला रस्त्यावर पाणी आलं तर सायकल माझी, कुणी बोलायचं नाही. नाही आलं तर जयेश विकणार, आणि मी सकाळी घरात बसून टीव्हीतला योगा बघणार. त्यापेक्षा भांडी घासेन!

२४ एप्रिल, शुक्रवार

आज अष्टमी. भांगाचं पाणी, म्हणजे भरतीला जोरच नाही. खाडी लांब पडली होती, आजारी माणसासारखी. जयेश मुद्दाम बघायला आला. "कुठंय पाणी, आई?" म्हटलं, "येईल. बोलावणं पुनवेचं आहे, आजचं नाही."

बोलले खरी. पण रस्ता भर घालून उंच केलाय. आणि अष्टमी-पुनव मोजायची मलाही आता सवय कुठे राहिलीय?

१ मे, शुक्रवार

आलं! आलं! आलं!

साहेब यायला साडेबारा झाले. लाल गालिचा, फुगे, प्लास्टिकच्या खुर्च्या. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आधी गटाराच्या जाळीतून बुडबुडे आले. मग गालिचा ओला झाला, मग तरंगायला लागला. त्यावर दोन निवट्या, चिखलातले मासे, उड्या मारत साहेबांच्या स्वागताला! साहेबांनी खुर्चीवर चढून फीत कापली. हास्यक्लब पहिल्यांदाच गप्प.

मी घंटी वाजवत, पाय वर घेऊन, पाण्यातून गेले. फेरीत मी एकटीच. म्हणजे पहिली!

विकी पॅण्ट दुमडून आला. "आजी, हे उतरणार कधी?"

"दोन तासांत. तोवर चहा सांग."

"आणि पुढची पुनव कधी?"

आता मोजा म्हणावं इंजिनियरला.

२ मे

जयेश पलटला! म्हणतो, "ते पाणी नव्हतं, आई. ओल होती." साहेबांचे मोजे पिळले तर कळशी भरली असती, आणि ह्याला ओल! सायकलचा फोटो काढून मोबाईलवर विकायला टाकलाय. उद्या गिऱ्हाईक बागेपाशी येणार. मी जेवले नाही. दक्षता म्हणते, "आजी, रडतेयस?" रडत नाही गो. कांदा चिरला. (कांदा चिरला नव्हता. हे मात्र लिहू नकोस.)

४ मे, सोमवार

आज अक्षर सुबक दिसतंय ना, वहीबाई? लिहिणारा जयेश आहे. हॉस्पिटलात आहोत. गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला गेला, त्या "ओली"वरून घसरला. पाय मोडला, हात शाबूत — मग लिहायला तोच. गिऱ्हाईक पळालं. सायकलवर ओरखडा नाही.

"आई, हे पण लिहू?"

लिही. आणि लिही — सायकल आईचीच.

लिहिलं त्याने. आता ह्या पानाचा फोटो काढ आणि दक्षताला पाठव. गो, दुपारच्या डब्यात बाबासाठी मुगाची खिचडी पाठव, बिनतिखटाची. माझ्यासाठी बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. झाकण घट्ट लाव. ते मी इथे उघडेन, ह्याच्या नाकासमोर.