सक्सीड कुणी म्हणायचं?

एडवण, मंगळवार, २३ फेब्रुवारी १९६५

डोकं अजून तापलेलंच आहे. शिकवणीत सरांनी 'सक्सीड' हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. मी म्हटलं, "आय विल सक्सीड." सर हसले. "मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलीस ना? तू 'ट्राय' वापर. बस खाली." आणि मी बसले! का बसले?

घरी येऊन शब्दकोश उघडला. यशस्वी होणे, साधणे. नापासांनी वापरू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तशीच वाडीत गेले. बाबा आधाराच्या टोकाला पोचलेल्या पानवेली उतरवत होते. मीही हात लावला. वेल सोडवायची, वेटोळं करून मातीत पुरायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा.

"एवढी वर गेलेली, परत मातीत?"

"वरच ठेवली तर म्हातारी होते. नवी मुळं धरू दे, मग बघ कशी चढते ती. आमी दरसाल हेच करतो."

मग सरांचं सांगितलं. बाबांनी मान वर केली नाही. "मग बसलीस कशाला?"

नखांत अजून माती आहे. पुढच्या महिन्यात पेपर, पास झाले तर तारापूरला टायपिस्टची नोकरी, ते सगळं आहेच. पण आधी उद्या. उद्या तेच वाक्य म्हणणार, आणि बस म्हणाले तरी बसणार नाही.