सत्तावीस नंबरची गाडी आणि मी

३ मे, रेगेन्सबर्ग, जर्मनी
ठरलं! स्टॉककार रेसिंग. शेतात भंगार गाड्या पळवायच्या, एकमेकांना बिनधास्त ठोकायचं. बारा वर्षं ऑफिसात ब्रेकच टेस्ट करतोय, आता जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबू. जुलैत अन्वीला वर्गात ‘माझा आदर्श’वर बोलायचंय. अजून नाव ठरलेलं नाही म्हणे. बाप समोर बसलाय, आणि नाव ठरलेलं नाही!

१० मे
गाडी आणली. काचा, दिवे काढले. नंबर २७. दारं वेल्ड केली, आता खिडकीतून आत जायचं. बायको, शैला, म्हणाली, आधी पोट आत जाऊ दे. उद्यापासून व्यायाम.

११ मे
पाऊस. उद्यापासून.

७ जून
प्रॅक्टिस. गाडी चारदा बंद पडली. क्लच जर्मन आहे, माझा स्वभाव ओळखायला वेळ लागणार. अन्वी बघून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. कौतुकच असावं.

२८ जून
शैलानं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. उद्याच्या रेसच्या यादीत फ्राऊ लिंडनर! माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. भारतातलं लायसन्स इथं चालेना, तेव्हा यांच्याकडे शिकलो. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, हे त्यांनी घोकवून घोकवून घेतलं. तरी दोनदा नापास झालो. बाईंचं वय एकसष्ट. दया येते. उद्या दाखवतोच.

२९ जून, संध्याकाळ
पहिल्याच वळणावर बाई उजवीकडून आल्या. पाय आपोआप ब्रेकवर. मागून तिघांनी ठोकलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच, पुन्हा उजवीकडून. मी हातानं ‘आधी तुम्ही’ अशी खूणही केली. रिफ्लेक्सेस उत्तम आहेत, एवढं सिद्ध झालं. गाडी तिथेच संपली. चौदा जणांत चौदावा. बाई पहिल्या. म्हणाल्या, आज तुम्ही नक्की पास झाला असतात. अन्वी त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. माझ्याबद्दलच असणार.

३० जून
निवृत्ती जाहीर केली. घरात फक्त शैला होती. बरं, म्हणाली.

२ जुलै
पालकांना बोलावलं होतं. रेसिंगचा लाल सूट घालून मागच्या बाकावर बसलो. अन्वीचा आदर्श फ्राऊ लिंडनर. ठीक आहे, मुलीला गाड्यांची आवड तर लागली. मग एका मुलानं विचारलं, त्या रेसमध्ये शेवटचा कोण आला? मी हात वर करणार, तोच अन्वी माझ्याकडे न बघता म्हणाली, होता कोणीतरी, मी नाही ओळखत. एवढं जर्मन मला कळतं.
फार वाईट वाटलं. आज एकही सबब सुचत नाहीये.