आईच्या कॅसेटी आता फोनवर

ताई,

मी शिंपल्यांच्या कामाला बेटावर चाललोय, बुधवारी येईन. बटाट्याचे मिल्काओ स्टोव्हवर झाकून ठेवलेत, गरम करून खा.

फळीवर पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आहे, त्याला दोन हार्ड डिस्क जोडल्यात. आई अंथरुणाला खिळल्यावर मी तो जुळवायला घेतला. रेडिओवर ती निरोप वाचायची, त्याच्या एक्केचाळीस कॅसेटी त्यात भरल्यात. घरच्या वाय-फायवर तुझ्या फोनमध्ये ‘आई’ नावाचा फोल्डर दिसेल.

परवा आईच्या मातीहून परतताना तू विचारलंस, “अकरा वर्षांत आईनं एकदाही माझं नाव काढलं नाही?” सतरावी कॅसेट ऐक. बेटांवरच्या लोकांचे निरोप वाचून झाले की शेवटी ती म्हणते, “एदितासाठी. घरी ये गं, कुणी काही बोलणार नाही.” तिथून पुढं दर रविवारी हेच आहे.

मी तिला म्हणायचो, “अगं, ताई सान्तियागोत आहे. आपला रेडिओ तिथं पोचत नाही.”

ती म्हणायची, “वारा फिरला तर पोचेल.”

तुझा पत्ता माझ्याकडं होता, ताई. तिनं दोनदा मागितला. तू आम्हाला टाकून गेलीस याचा राग होता, म्हणून हरवला म्हणालो.

आचाओ बंदराची बोट सकाळी आठला सुटते. जायचंच असेल तर जा. पण बुधवारपर्यंत थांब आणि मला तोंडावर शिव्या देऊन जा.

नोल्बेर्तो