घमेल्याखालचं डोकं

ती. आईस,
साधनाचा दंडवत. पुण्यात आम्ही दोघं बरे आहोत. गावाकडं साखऱ्यात सोयाबीन निघालं का?

बांधकामावर हेल्मेटची सक्ती करा म्हणून गेटवर भाषण मी ठोकलं. हेल्मेट मिळालं फक्त गड्यांना. मुकादम हसला, "बाई, तुमच्या डोक्यावर घमेलं. हेल्मेट कुठं ठिवता?"

तुझे जावई तर ते घालूनच जेवतात. बघून अंगाची आग होते. वरून विटेचा तुकडा पडला की ते निवांत, आम्ही बायका पळतो.

काल आम्ही सगळ्या बायकांनी घमेली खाली ठेवली. म्हटलं, "माल वाहायला हातगाडी आणा. डोकं आता हेल्मेटला मोकळं हाय."

रात्री हे म्हणाले, "माझं घे."
नको, म्हटलं. मला माझं पाहिजे.

घमेल्याखाली डोक्यावर ठेवायला तू दिलेली चुंबळ पेटीत ठेवली आहे.

तुझी,
साधना