पट्टा लावलेले दाजी

शिरूर कासार
१४ डिसेंबर

रोहिणीताई,
पाया पडतो. इकडं सगळे ठीक हायत. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, तरी शेळ्या सोडत न्हाई, ऐकतं कोण. मी पण बरा हाय. चॅनलवाल्यांनी नवा माईक दिलाय.

परवा कोर्टात कारखान्याच्या वकिलानं माझीच बातमी लावली. दाजी टाकीवरून पडले, त्या संध्याकाळची. पडद्यावर दाजी हसत होते, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला उंचावर काम करताना बांधायचा सेफ्टीचा पट्टा. वकील म्हणला, पट्टा दिलेला होता, ह्यांनीच काढून ठेवला. तू माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घातली.

ते चित्र मी काढलेलं न्हाई, ताई. त्या दिवशी कारखान्यानं गेटच उघडलं न्हाई. चॅनलचे मुंबईचे डेस्कवाले सारखे बोंबलत होते, व्हिडिओ पाठव म्हणून. मग कारखान्याच्या मोहनरावानं त्यांच्या जाहिरातीतला तयार व्हिडिओ मोबाईलवर टाकला. आमी सगळे असंच करतो. दुकानाचं उद्घाटन असो का दवाखान्याचं शिबिर, चित्र त्यांचं आन् आवाज आमचा. हे जुनं हाय, जाहिरातीचं हाय, असं मी कुठंच लिहिलं न्हाई. वर बोललो, कामगारांना सुरक्षेची सगळी साधनं दिलेली हायत. तवा दाजी शवागारात होते.

राहिलेलं पण सांगतो. त्याच्या आधीच्या भाऊबीजेला दाजींनीच मला सांगितलतं, शूटिंगपुरते पट्टे बाहेरून आणले आन् संध्याकाळी काढून नेले. एक दिवसाचा नवरदेव झालतो, म्हणले. आमी दोघं लई हसलो. तू आत पुऱ्या तळत होतीस.

कोर्टाच्या पायरीवर तू विचारलंस, "गहिनी, त्यांना पट्टा दिलता का रे?"

"मला काय ठाऊक," मी म्हणलो.

खोटं बोललो. लोक दाजींना निष्काळजी म्हणतायत. आता तुला पण तसंच वाटायला लागलंय, अन् ते माझ्यामुळं. मला माझीच किळस येते.

काल मोहनरावाचा फोन आलता. लई गोड बोलला, कोर्टात त्या व्हिडिओचं काय बोलू नको म्हणला. मी त्याला हो म्हणलो न्हाई, पण न्हाई असं पण म्हणलो न्हाई. पुढल्या तारखेला साक्ष द्यायला येतो. पण माझा मलाच भरवसा वाटत न्हाई, ताई. म्हणून सगळं माझ्या हातानं लिहून खाली सही करतोय. हा कागद वकिलाकडं दे. पिंजऱ्यात उभा राहून मी फिरलो, तर सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर वाचायला लाव. भाऊ म्हणून गय करू नकोस.

गहिनीनाथ बबनराव