माळावरचे पांढरे दगड

३ एप्रिल १९७१

वरचं वळण पुन्हा उखडलं. पोरांना सांगून जीभ झिजली, ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नव्हे! आता नेमच केला : माळावर सायकल पळवायची तर आधी घमेलंभर मुरूम आणून टाकायचा. कुरकुर झाली. मी बधत नाही. यंदा यात्रेतली शर्यत याच वाटेवर होणार. तीन वर्षं टेकाड उकरतोय ते उगाच नाही.

५ एप्रिल

गावचे पंच तयार झाले. मानाच्या नारळाच्या लिलावाचा निम्मा पैसा वाटेच्या डागडुजीला. शर्यत झाली तरच. बन्सी चहावाला म्हणतो, "मेस्तरी, पंक्चर काढायचं सोडून डोंगर कशाला कोरता?"

९ एप्रिल

वाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडून चुना लावला. दोरी धरून. एकही रेषेबाहेर नाही! सायकलीचं काम मला कुणी शिकवलं नाही, तसंच हेही. पांढरी रेघ पार रस्त्यावरून दिसते.

१० एप्रिल

वाटेच्या तोंडाशी बोराटीचे काटे. ढीगभर.

माळ गोजरबाईंचा. वाट करायला तोंडी परवानगी त्यांनीच दिलेली, तीही हसत. घरी गेलो तर दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, काटे मीच टाकलेत, न्हाई म्हंजे न्हाई. तसाच माघारी फिरलो. विनवण्या करणं आपल्याला जमत नाही.

११ एप्रिल

दुकानात एकाच चाकाचे आरे तीनदा आवळले. तरी चाक हेलकावतंच.

१२ एप्रिल

शेवटी बायकोनं, मालननं, सांगितलं. बायकांत सगळं माहीत असतं. गोजरबाईंचे मालक वारले त्या साली त्यांच्या दिरानं, छगननं, त्यांच्याच रानात आत सरकून असेच दगड मांडून चुना फासला. पुढच्या पेरणीला तोच बांध झाला. "आन् तुमी त्यांच्या माळावर चुना लावून आलात. इचारलं तरी हुतं का?"

नव्हतं विचारलं. मला वाट दिसत होती. त्यांना हद्द दिसली.

१३ एप्रिल

सगळे दगड उचलले. एकट्यानं. गोजरबाई लिंबाखाली बसून बघत होत्या. शेवटचा दगड ढिगावर टाकला आणि जाऊन म्हणालो, चुकलं. पहारीपेक्षा जड गेला तो शब्द.

मग म्हणाल्या, "दोरी सरळ धरता नव्हं? मग छगनच्या बांधाला धरा. सरकारी मोजणीचे दगड हायेत, एक वर रानात, एक खाली माळाच्या कडंला. पंचांना मी बोलावते. चुना तिथं लावा, मग काढीन काटे."

१५ एप्रिल

पंचांसमोर दोरी ताणली. बांध पार वाकडा निघाला. वरच्या अंगाला गोजरबाईंचं रान चार हात वाढलं. खालच्या अंगाला माझं शेवटचं वळण छगनच्या हद्दीत गेलं!

छगन हसला. "सरकवा की जरा दोरी, मेस्तरी. तुमचंच नुकसान हाय."

नाही सरकवली. दगड रेषेत मांडले, चुना दिला. यात्रेला पाच दिवस. वळण आत घेऊन नव्यानं खोदायचं.

१६ एप्रिल

कुदळ घेऊन गेलो तर काटे नाहीत. नव्या वळणाच्या जागी मुरमाचा लहानसा ढीग, शेजारी पालथं घमेलं, त्यावर गोजरबाई.

"नेम तुमचाच हाय," म्हणाल्या. "आता मला बी पळवायला सायकल काढा."