वाळूवरची कर्दळ

ब्राह्मणपुरी, २३ ऑगस्ट

…तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अंगण झाडून, शेण काढून मी घागर घेऊन निघाले, तेव्हा हे विहिरीजवळच्या गाळणखड्ड्यात वाळू पसरत होते. वर कर्दळ लावली. म्हणाले, "शेतातलं पावसाचं पाणी आता गाळून विहिरीत जाईल."

पुढच्या वर्षी हे वारले. कर्दळ यंदा माझ्या डोक्यावर गेलीय. आज दीर हसून म्हणाले, "वहिनी, दादानी लायेल कर्दळ कशी माजेल शे, देख!"

"वाळूवर? तिले खत कोन दी ऱ्हायनं, भाऊ?"

"दादाना आशीर्वाद!" ह्यांच्या आशीर्वादानं वाढलीय म्हणे! एवढं बोलून माझ्याकडे न बघता निघाले.

विहिरीच्या वरच्या अंगाला दिरांची केळी. पाऊस येताना युरिया फेकतात, मी पाहिलंय. विरघळलेलं खत वाळूत अडत नाही, असं वाचलंय. मुळं घेतील तेवढंच थांबतं, बाकीचं विहिरीत. पाण्यावर हिरवी साय आलीय ती उगाच? की मीच संशयी झालेय? पण कर्दळ इतकी गर्द? ह्यांच्या हातचं झाड, तेच मला चुगली सांगतंय.

२४ ऑगस्ट

मातीची पोती रचून ह्यांच्या खड्ड्याचं तोंड बंद केलं. पिण्याचं पाणी हापशावरून आणलं. घागर घेऊन मुद्दाम दिरांच्या दारावरूनच आले.